इंजेक्शन आधी, हिशेब नंतर

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत): वाचक २७ वर्षांची, नागपूरची. लग्नाला अडीच वर्षं झाली, घरात नवरा आणि सासू-सासरे. गेल्या वर्षी सहाव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. आता पुन्हा दिवस गेले आहेत, साडेचार महिने झालेत. सरकारी दवाखान्यात नाव नोंदवताना रक्त तपासलं. एचआयव्ही नाही, पण सिफिलिसची (शरीरसंबंधातून लागणाऱ्या एका आजाराची) तपासणी ‘रिॲक्टिव्ह’, म्हणजे आजाराकडे बोट दाखवणारी आली, पुढच्या तपासणीत आरपीआर (आजाराचा जोर आकड्यात सांगणारी रक्ततपासणी) १:१६ निघालं. दर आठवड्याला एक अशी पेनिसिलिनची तीन इंजेक्शनं सांगितली, त्यातलं एक झालं. ‘नवऱ्यालाही घेऊन या’ असं समुपदेशक ताई म्हणाल्या तेव्हापासून हिची झोप उडाली आहे. लग्नाआधी पुण्यात नोकरीला असताना तिचं एकावर प्रेम होतं. घरी ते कुणालाच ठाऊक नाही. ती लिहिते, ‘हे माझ्याकडूनच आलं असणार. यांना सांगितलं तर संसार मोडेल. यांना काही त्रासच नाही, मग त्यांना मध्ये कशाला आणायचं? मैत्रिणीच्या ओळखीचा केमिस्ट म्हणतो, गोळ्यांनी भागतं. तीन-तीन इंजेक्शनं देऊन आमच्यावर प्रयोग तर करत नाहीत ना? एचआयव्ही नाही म्हणजे मोठं संकट टळलंच की. उरलेलं बाळंतपणानंतर बघितलं तर चालणार नाही का?’

ताई,

तुमच्या दुसऱ्या इंजेक्शनाची तारीख तोंडावर आली होती, म्हणून या सदराची वाट न बघता तुम्हाला त्याच दिवशी दोन ओळी पाठवल्या होत्या: नवऱ्याला न्यायची हिंमत होत नसेल तर एकट्या जा, पण ठरल्या दिवशी जा. तुम्ही गेलात. वर हे पत्र छापायलाही होकार दिलात. त्याचं मोल मोठं आहे, कारण हाच प्रश्न उराशी धरून गप्प बसलेल्या बायका नागपुरात आणखीही असणार, आणि त्यातल्या काहींच्या इंजेक्शनाची तारीख उलटून गेलेली असेल.

पत्र पुन्हा पुन्हा वाचताना एक जाणवलं. तुम्ही तीन गोष्टींची एकच मोट बांधली आहे: पोटातल्या बाळाचा इलाज, नवऱ्याची तपासणी आणि तुमचं पुण्यातलं आयुष्य. तिसऱ्या गोष्टीची भीती एवढी मोठी झाली की तिच्यापायी पहिल्या दोन्ही अडून बसल्या. या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली आजची आहे, तारीख-वार धरून करायची. दुसरी येत्या काही दिवसांतली. तिसरी कधी बोलायची, किती बोलायची, की बोलायचीच नाही, हे सर्वस्वी तुमच्या हातात आहे. तिच्यासाठी कुठल्याही दवाखान्याने तारीख दिलेली नाही.

आधी बाळाचं बोलू.

सिफिलिसचे जंतू आईच्या रक्तातून वारेवाटे बाळापर्यंत जातात. इलाज झाला नाही तर अशा निम्म्या किंवा त्याहून जास्त गरोदरपणांत काही ना काही विपरीत घडतं: गर्भ पडतो, बाळ पोटात दगावतं, दिवस भरायच्या आधी जन्मतं, किंवा आजार घेऊनच जन्माला येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख गरोदरपणांत हा आजार आईकडून बाळाकडे गेला. यातली चीड आणणारी गोष्ट अशी की यावरचं औषध स्वस्त आहे, जुनं आहे आणि हमखास लागू पडतं. म्हणून ‘बाळंतपणानंतर बघू’ हा पर्याय मी तुमच्यासमोर पर्याय म्हणून ठेवणारच नाही. आईला दिलेलं पेनिसिलिन वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि बाळाचा इलाज पोटातच होतो. बाळंतपणाच्या निदान चार आठवडे आधी ते पूर्ण झालेलं असावं लागतं. तुमचा पाचवा महिना चालू आहे. तुम्ही वेळेत आहात, चांगल्या वेळेत आहात, आणि ही वेळ हातची घालवू नका.

आता केमिस्टच्या गोळ्या. या सल्ल्याचा मला राग आला, तो तुमच्यावर नाही. अशा वेळी साधारण दोन गोळ्या सुचवल्या जातात. डॉक्सिसायक्लिन एरवी सिफिलिसवर चालतं, पण गरोदरपणी देत नाहीत, बाळाच्या हाडा-दातांना त्याचा धोका असतो. ॲझिथ्रोमायसिन वारेतून बाळापर्यंत पुरेसं पोचत नाही आणि त्याला न जुमानणारे सिफिलिसचे जंतू जगात पुष्कळ ठिकाणी सापडले आहेत. म्हणजे गोळ्या घेऊन आईचा रिपोर्ट सुधारल्यासारखा दिसेल आणि बाळ मात्र तसंच राहील. पेनिसिलिनचं तसं नाही. अमेरिकेत १९४३ मध्ये जॉन महोनी या डॉक्टरांनी पहिल्या चार रुग्णांना ते दिलं, त्याला आता ऐंशीहून जास्त वर्षं झाली. तरी सिफिलिसचा जंतू पेनिसिलिनला दाद देईनासा झाल्याची नोंद नाही. इतक्या वर्षांत किती जंतू किती औषधांना सरावले, ते डॉक्टरांना विचारा, म्हणजे या इंजेक्शनाची किंमत कळेल. गरोदरपणी सिफिलिससाठी खात्रीचं औषध हे एकच आहे. पेनिसिलिनची खरोखरच ॲलर्जी असलेल्या गरोदर बाईलासुद्धा दुसऱ्या औषधावर सोडत नाहीत. रुग्णालयात भरती करून थोड्या थोड्या मात्रेने शरीराला सवय लावतात आणि मग पेनिसिलिनच देतात.

तीन इंजेक्शनं का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो दवाखान्यात तोंडावर विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आजार नुकताच लागला आहे हे नक्की ठाऊक असेल तर २४ लाख युनिटचं एक इंजेक्शन पुरतं. आजार जुना असेल किंवा कधी लागला हे सांगताच येत नसेल, तर आठवड्याच्या अंतराने तीन. तुमच्या अंगावर लक्षण काही नाही, कधी लागला ते कळायला मार्ग नाही, म्हणून तीन. यात कुठलाही प्रयोग नाही, जगभर हीच रीत आहे. मात्र गरोदरपणी एखादी तारीख चांगलीच लांबली तर पुन्हा पहिल्यापासून तीन घ्यायला सांगतात, म्हणून तिसऱ्याची तारीख मोबाइलमध्ये गजर लावून ठेवा. लग्नकार्य असो, महालक्ष्म्या असोत, त्या दिवशी दवाखाना.

इंजेक्शन दुखतं, हे तुम्ही लिहिलंय ते खरंच आहे. औषध घट्ट असतं, कमरेत खोलवर द्यावं लागतं, बहुतेक ठिकाणी निम्मं एका बाजूला आणि निम्मं दुसऱ्या बाजूला देतात, आणि दोन दिवस पाटावर धड बसवत नाही. पहिल्या इंजेक्शनानंतर रात्री तुम्हाला थंडी वाजून ताप आला, अंग ठणकलं. जंतू एकदम मरू लागले की असं होतं, साधारण पहिल्या चोवीस तासांत, आणि बहुधा पहिल्याच खेपेला. तो औषधाचा अपाय नव्हता. फक्त एवढं लक्षात ठेवा, ताई, आणि वाचणाऱ्या इतर गरोदर बायकांनीही ठेवावं: तेव्हा पोटात कळा आल्यासारखं वाटलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

पेनिसिलिनच्या रिॲक्शनची आपल्याकडे फार धास्ती आहे. काही खासगी दवाखाने तर ‘आम्ही पेनिसिलिन देतच नाही’ म्हणून मोकळे होतात. जीवघेणी रिॲक्शन येऊ शकते, पण ती फार विरळा, आणि ती आवरायची औषधं जवळ असलेल्या ठिकाणीच हे इंजेक्शन घ्यायचं असतं. वातज्वराने हृदयाची झडप बिघडलेल्या मुलांना हेच औषध दर तीन-चार आठवड्यांनी वर्षानुवर्षं देतात. मेडिकल, मेयो, डागा, एम्स, नागपुरात सरकारी जागा आहेत. एका ठिकाणी नाही म्हणाले तर गोळ्यांवर समाधान मानू नका, चिठ्ठी घेऊन दुसरीकडे जा.

आता तुमच्या पत्रातलं सगळ्यात जड वाक्य: ‘हे माझ्याकडूनच आलं असणार.’

तुम्हाला हे कसं कळलं? मी खरंच विचारते आहे. तुमचा आरपीआर १:१६ आहे आणि आधीची तपासणीही रिॲक्टिव्ह आहे, म्हणजे आजार आहे, एवढं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. (आरपीआर एकटंच आणि अगदी कमी आलं असतं तर शंकेला जागा होती. मलेरियात, काही सांधेदुखीच्या आजारांत, कधी नुसत्या गरोदरपणानेही ते खोटं पॉझिटिव्ह येतं.) पण कुठल्याही रिपोर्टात ‘कुणाकडून’ हा रकाना नसतो. सिफिलिसची पहिली खूण म्हणजे एक न दुखणारा फोड. लागण झाल्यावर साधारण तीन आठवड्यांनी येतो आणि काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. बायकांमध्ये तो आत, गर्भाशयाच्या तोंडाशी असला तर दिसतही नाही. पुढे काहींना अंगावर, तळहातांवर, तळपायांवर पुरळ येतं, त्याला खाजही नसते. तेही जातं. मग आजार दबून बसतो, महिनोन्महिने, वर्षानुवर्षं. तो तुमच्या पुण्यातल्या दिवसांतला असू शकतो. तुमच्या नवऱ्याच्या लग्नाआधीच्या आयुष्यातला असू शकतो. लग्नानंतरचा असू शकतो. आज तुमचा रिपोर्ट आला आणि त्यांचा आलेला नाही, याचा अर्थ एवढाच की गरोदर असल्यामुळे तुमचं रक्त आधी तपासलं गेलं. आपल्याकडे बहुतेक घरांत असंच होतं. तपासणी बाईची होते म्हणून आजारही बाईच्या नावावर चढतो.

मी तुमच्या नवऱ्याकडे बोट दाखवत नाहीये. तुम्ही लिहिलंय की ते मायाळू आहेत, गेल्या वर्षी बाळ गेलं तेव्हा रात्र-रात्र उशाशी बसले होते. ते खरं मानूनच मी म्हणते आहे की दोष कुणाचा हे आज ठरवता येत नाही. जे ठरवता येत नाही ते तुम्ही स्वतःविरुद्ध ठरवून टाकलंत, आणि त्यावर शिक्षाही सुनावून टाकलीत.

तेच गेल्या वर्षीच्या बाळाबद्दल. तुम्ही तो प्रश्न अर्धवट सोडून दिलाय, पण तो कळतो. हो, संबंध असू शकतो. आणि नसूही शकतो, सहाव्या महिन्यात बाळ जायला इतर पुष्कळ कारणं असतात. तेव्हाच्या नर्सिंग होमची फाइल घरात असेल तर काढा आणि सिफिलिसची व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही रक्ततपासणी केली होती का ते बघा. केली असेल तर तो कागद आताच्या डॉक्टरांच्या कामाचा आहे, आजार किती जुना याचा अंदाज त्यावरून येतो. केली नसेल, तर जी तपासणी प्रत्येक गरोदर बाईची व्हायला हवी ती तुमची झाली नाही. ती करायला सांगणं तुमचं काम नव्हतं. तुम्हाला हा आजार ठाऊकच नव्हता. बाळ गेल्याचं दुःख आहे ते आहे, त्यावर अपराध चढवू नका.

‘यांना काही त्रासच नाही.’ या वाक्यावर मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण याच समजुतीपायी माणसं गेली आहेत. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इथे सरकारी आरोग्य खात्याने १९३२ मध्ये एक अभ्यास सुरू केला. सिफिलिस झालेल्या ३९९ गरीब कृष्णवर्णीय पुरुषांना ‘तुमचं रक्त खराब आहे, आम्ही इलाज करतो’ असं सांगत आजार कसा वाढतो ते नुसतं बघत राहिले. पुढे पेनिसिलिन आलं, सर्रास मिळू लागलं, तरी त्यांना दिलं नाही. १९७२ मध्ये वर्तमानपत्रांतून बोभाटा झाला तेव्हा ते थांबलं. तोवर काहींच्या बायकांना लागण झाली होती आणि मुलं आजार घेऊन जन्मली होती. वरून धडधाकट दिसणाऱ्या माणसात हा आजार वर्षानुवर्षं काय करतो, हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिनीला, मेंदूला, डोळ्यांना, हे जगाला कळलं त्यात अशा माणसांच्या यातनांचा वाटा आहे. ‘आमच्यावर प्रयोग तर करत नाहीत ना’ हा तुमचा संशय हवेतून आलेला नाही, ताई. जगात तसं झालेलं आहे. त्यानंतर संशोधनाचे नियम आणखी कडक झाले: माहिती देऊन संमती घ्या, नाही म्हणणाऱ्याचा इलाज थांबवू नका. उद्या एखाद्या रुग्णालयात तुम्हाला कुणी खरोखरच अभ्यासात भाग घ्यायला विचारलं, तर तुमच्या भाषेतला कागद मागा, घरी नेऊन वाचा, नको असेल तर नाही म्हणा. तुमचं इंजेक्शन त्यावर अवलंबून नसतं.

चांगल्या संशोधनाची गोष्ट सांगायला तर फार लांब जायला नको. आपल्या शेजारी, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात प्रसूती कक्षात आलेल्या बायकांना रात्री-बेरात्रीही, समुपदेशनासह, एचआयव्हीची झटपट तपासणी देऊन बघितली. या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. हजाराहून जास्त बायकांना विचारलं आणि जवळपास सगळ्यांनी होकार दिला. बाई लाजते, तपासणीला तयार होत नाही, हा समज तिथे टिकला नाही. नीट विचारलं, समजावून सांगितलं, बाळासाठी काय करता येईल ते दाखवलं, की बाई तयार होते. तुम्हाला रांगेत सगळ्यांदेखत ‘व्हीडीआरएलवाली कोण?’ असं ओरडून विचारलं गेलं. ती तुमची लाज नव्हती, विचारणाऱ्याची चूक होती. दवाखान्यात काम करणारं कुणी हे वाचत असेल तर कळकळीने सांगते: बाईचं नाव घ्या, दार लावा, मग बोला. त्या एका हाकेपायी ही बाई दुसऱ्या इंजेक्शनाला यायचीच राहत होती.

एचआयव्हीचं म्हणाल तर आजचा रिपोर्ट चांगला आहे, पण तो आजपुरता आहे. लागण झाल्यावर ती रक्तात दिसायला काही आठवडे, क्वचित तीन महिनेही लागतात. शिवाय सिफिलिसच्या फोडातून एचआयव्हीला आत शिरायला वाट मिळते, म्हणूनच दोन्ही तपासण्या जोडीने करायच्या असतात. बोटाच्या एकाच थेंबावर दोन्ही सांगणारी किट जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ पासून गरोदर बायकांसाठी सुचवली आहे. सातव्या-आठव्या महिन्यात एचआयव्हीची तपासणी पुन्हा करून घ्या. आणि पॉझिटिव्ह आलेली कुणी वाचक असेल तर तिने घाबरून हे पान मिटू नये. इलाज नसेल तर आईकडून बाळाला एचआयव्ही लागण्याचं प्रमाण शंभरात १५ ते ४५ असतं. वेळेत औषधं सुरू करून रोज घेतली तर ते पाचाच्या खाली, अगदी एक-दोनपर्यंत येतं. क्युबाने २०१५ मध्ये आणि आपल्या शेजारच्या श्रीलंकेने २०१९ मध्ये आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही जवळपास संपवून दाखवले, तेही याच साध्या गोष्टी प्रत्येक गरोदर बाईपर्यंत पोचवून.

तर मग नवरा.

तुम्ही दोन पर्याय मांडलेत: सगळं सांगायचं किंवा काहीच नाही. काहीच न सांगता तुमचा इलाज पूर्ण झाला आणि त्यांच्या अंगात आजार असला, तर तो तुम्हाला पुन्हा लागू शकतो. एकदा होऊन गेला म्हणून शरीर पुढच्या खेपेला अडवत नाही. सातव्या महिन्यात पुन्हा लागण झाली तर बाळाच्या बाबतीत आपण परत जिथल्या तिथे. शिवाय त्यांच्या अंगातला आजार तसाच राहील, तो वेगळाच. म्हणून त्यांची तपासणी टाळता येणार नाही, हे मी स्पष्ट सांगते.

पण तिसरा पर्याय आहे. आजार सांगायचा, भूतकाळ नाही. ‘दवाखान्यात माझ्या रक्तात एक इन्फेक्शन निघालं. सिफिलिस म्हणतात. बाळाला होऊ नये म्हणून इंजेक्शनं चालू केलीत. हे नवरा-बायको दोघांचं बघावं लागतं, तुमचंही रक्त द्यायचंय. कुणाकडून कुणाला, कधी, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.’ यातला शब्दन् शब्द खरा आहे. मी तुम्हाला खोटं बोलायला सांगत नाहीये. ‘उष्णतेमुळे झालं’, ‘दवाखान्यातल्या सुईने झालं’ असलं काही रचू नका, पुढे ते उलटतं. एखादा प्रश्न आला आणि त्याचं उत्तर द्यायचं नसेल, तर ‘आत्ता मला फक्त बाळाचं सुचतंय, त्यावर आपण नंतर बोलू’ हेही उत्तरच आहे. सांगायला वेळ निवडा. जेवताना नको, सासूबाई शेजारच्या खोलीत जाग्या असताना नको. फुटाळा तलावावर फिरायला जाता म्हणालात ना, तिथे बोला.

हे तोंडातून निघणारच नाही असं वाटत असेल तर समुपदेशक ताईंना सांगा, ‘तुम्ही बोला, मी शेजारी बसते.’ रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या सरकारी दवाखान्यात, हे काम रोजचं आहे. तुम्ही त्यांना खासगीत काय सांगितलं ते नवऱ्यासमोर काढू नका, असं आधी बजावून ठेवा. तुमच्या पुण्याच्या दिवसांबद्दल तुमच्या परवानगीशिवाय बोलण्याचा त्यांना काही अधिकार नाही. नवऱ्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी डॉक्टर त्यांना एखादं इंजेक्शन देतील, कारण अगदी ताजी लागण रक्तात लगेच दिसत नाही. त्याचा अर्थ ‘तुमच्यात दोष निघाला’ असा त्यांनी घेऊ नये, हेही डॉक्टरांच्याच तोंडून ऐकलेलं बरं. दोघांची इंजेक्शनं संपून आठवडा होईपर्यंत संबंध टाळा, आणि पुढे बाळंतपणापर्यंत निरोध वापरलात तर उत्तम.

तुमच्या नवऱ्याचा स्वभाव तुम्ही सांगितलात तसा असेल तर मला वाटतं ते आधी घाबरतील, मग विचारतील ‘बाळ ठीक आहे ना?’ पण सगळ्यांचे नवरे असे नसतात, म्हणून इतर वाचकांसाठी लिहिते. हे ऐकून तो हात उचलेल, घराबाहेर काढेल अशी भीती असेल तर एकटीने सांगायला जाऊ नका. समुपदेशकाला ती भीती आधी सांगा. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, नागपुरात पोलिसांचा भरोसा सेल आहे. अशा घरात आधी तुमचा इलाज आणि तुमची सुरक्षितता, नवऱ्याला कळवायची वाट तज्ज्ञांच्या सल्ल्याने शोधायची. एचआयव्ही आणि गुप्तरोगांबद्दल नाव न सांगता विचारायचं असेल तर १०९७ हा नंबर फुकट लागतो.

घरात इतरांना काहीही सांगायची गरज नाही. ताट, पेला, बाथरूम, पुतण्याला मांडीवर घेणं, यातलं काही सोडू नका, सिफिलिस असा पसरत नाही. सासूबाईंच्या कानावर ‘गरमी’ हा जुना शब्द आदळू नये ही तुमची काळजी मला कळते. आरोग्य खात्याच्या आशाताई तुमच्याच गल्लीतल्या आहेत म्हणून तुम्ही धास्तावलात. त्यांना सरळ सांगा की माझ्या रिपोर्टबद्दल घरी माझ्याशिवाय कुणाशी बोलायचं नाही. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा स्वतंत्र कायदाच आहे, माणसाच्या संमतीशिवाय त्याचा रिपोर्ट इतरांना सांगता येत नाही. बाकी आजारांतही रुग्णाची गोष्ट पोटात ठेवणं हे डॉक्टरांचं कर्तव्यच आहे.

एका बाबतीत मात्र तुमच्या मनाविरुद्ध सांगते. लाल पेनाने ‘व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह’ लिहिलेलं माता-बाल संरक्षण कार्ड तुम्ही गोदरेजच्या कपाटात साड्यांच्या खाली दडवून ठेवलंय आणि हरवलं म्हणून नवं मागायचा विचार आहे. तसं करू नका. आठव्या महिन्यात तुम्ही भंडाऱ्याला माहेरी जाणार. तिथल्या डॉक्टरांना तुमच्याबद्दल या कार्डापलीकडे काहीच ठाऊक नसेल. रात्री कळा सुरू झाल्या तर तुम्ही तोंडाने सगळं सांगू शकाल याची खात्री नाही. तीन इंजेक्शनांच्या तारखा, मात्रा आणि खाली डॉक्टरांची सही, एवढं त्या कार्डावर लिहून घ्या आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. बाळाला जन्मल्यावर काय द्यायचं ते त्यावरच ठरतं. आईचा इलाज वेळेत आणि पूर्ण झालेला असेल तर बाळाला फार तर एखादं इंजेक्शन लागतं. कागद नसेल तर ‘इलाज झालाच नाही’ असं धरून बाळाला दहा दिवस भरती ठेवून पेनिसिलिन द्यावं लागू शकतं.

माहेरी जायच्या आधी, साधारण आठवा महिना लागताना, आरपीआर पुन्हा करा. १:१६ वरून १:४ किंवा त्याच्या खाली आलं तर औषध लागू पडलं असं समजतात. पण त्याला वेळ लागतो, बाळंतपणापर्यंत आकडा पुरेसा उतरला नाही तरी एवढ्यावरून इलाज फसला असं होत नाही. आकडा उलट वाढला तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा. पहिली, झटपट किटवरची तपासणी बहुतेक आयुष्यभर रिॲक्टिव्हच येत राहील. पुढे कधी कुणी ती बघून दचकलं तर इंजेक्शनांच्या तारखांचा तोच कागद दाखवायचा.

बाळ जन्मल्यावर तुमचं आणि त्याचं रक्त एकाच वेळी, एकाच प्रयोगशाळेत द्या, म्हणजे दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघता येतात. बाळाचं रक्त नाळेतून न घेता बाळाचंच घ्यायला सांगा. पहिल्या दिवसापासून अंगावर पाजा. स्तनावर सिफिलिसचा फोड नसेल तर दुधातून हा आजार जात नाही. मग दर दोन-तीन महिन्यांनी बाळाचं आरपीआर, शून्यावर येईपर्यंत. लसीकरणाच्या तारखांच्या आसपासच ते बसवून घेतलं तर घरी वेगळं कारण सांगावं लागणार नाही.

तिसऱ्या इंजेक्शनाला नवऱ्याला सोबत न्यायचं ठरलं तर सकाळी लवकर जा, ओपीडीच्या चिठ्ठीची रांग नंतर वाढते. त्यांची चिठ्ठी वेगळी काढावी लागेल, त्यांचं आधार कार्ड सोबत असू द्या.